द्रोणात काय होतं

दगाने तराजूत वांगी टाकली, काटा स्थिर होऊ दिला आणि रंजिताकडे न बघता विचारलं, "भाभी, एक इचारू? राग नका मानू. मव्हानी कशी लागस?"

रंजिता पिशवीचं तोंड उघडं धरून उभी होती. मोहाची दारू कशी लागते, हा प्रश्न कळला, पण तो आपल्याला विचारला आहे हे कळायला वेळ लागला. लोटगाडीच्या पलीकडे समोरच्या बंगल्यातल्या दोघी कोथिंबीर निवडत होत्या. त्यांची बोटं थांबली. दगा हसत होता. रोज सकाळी कॉलनीत गाडी फिरवणारा हा माणूस भावाच्या घासाघिशीत जसा हसतो तसाच हसत होता, त्यात वाईट काही नव्हतं, आणि म्हणूनच तिला त्याच्यावर रागावता येईना. "मी इंग्लिशच पेस," तो म्हणाला, "मव्हानी कधी चाखी नही. म्हनं भाभीले इचारू. माले बी ली चला ना एक डाव तुमना कार्यक्रममा." दोघींपैकी एक म्हणाली, "दगा, तोंड सांभाळ," पण आवाजात त्याने बोलावं असंच होतं. रंजिताने वांगी घेतली, पैसे दिले आणि फाटकापर्यंत नेहमीच्या चालीने चालत गेली. फाटकाची कडी लावताना तिच्या लक्षात आलं की आपण खालचा ओठ आत ओढून धरला आहे, त्यावर काहीतरी लागलेलं कुणाला दिसेल अशा भीतीने.

व्हिडिओ तिने स्वयंपाकघरात, नळ सोडून, आवाज न करता बघितला. कॉलनीच्या ग्रुपवर तो रात्रीच आला होता. वर कुणीतरी लिहिलं होतं, 'व्यसनमुक्तीवाल्या मॅडमची पार्टी', पुढे हसून रडणारी पिवळी तोंडं. डोंगरातल्या चिंचलपाड्याचं अंगण, आंब्याची सावली, गोल बसलेली माणसं. मध्ये म्हातारा करमसिंग, त्याच्या पुढ्यात काळं मडकं. त्याने मडकं कलंडवलं, आधी मातीवर धार सोडली, तोंडाने काहीतरी पुटपुटला, मग पळसाच्या द्रोणात ओतलं आणि द्रोण उजवीकडे दिला. उजवीकडे ती होती. हिरवा कुर्ता, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र. तिने द्रोण दोन्ही हातांनी घेतला, थांबली, प्यायली. द्रोण रिकामा झालेला दिसत होता, कारण तिने तो उलटा करून खाली ठेवला होता, बाकीच्यांनी आधी दाखवलं होतं तसा. व्हिडिओ तिथेच संपत होता. पुढे सगळ्या पाड्याने तसेच द्रोण उलटे ठेवले होते, दिलवरसिंगच्या आईने भट्टीची तोटी स्वतःच्या हाताने वाकवली होती, शेजारी बसलेल्या फुलवंताबाईने तोंडाला पदर लावला होता, ते कुणी पुढे पाठवलं नव्हतं. व्हिडिओ दिलवरसिंगनेच काढला होता. पाड्यातली सगळ्यात मोठी भट्टी त्याची. करार होतो तेव्हा साक्षीला चार म्हातारे बसतात आणि म्हातारे मरतात, मोबाइल मरत नाही, असं म्हणून त्याने तो काढला आणि कौतुकाने, हात जोडल्याचं चिन्ह टाकून, स्टेटसला ठेवला. डोंगर उतरता उतरता त्या जोडलेल्या हातांच्या जागी ही पिवळी तोंडं आली होती.

नळ वाहत होता. तिने तो बंद केला. या व्हिडिओत आपण चांगल्या दिसतो आहोत, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला आणि तिला त्याची लाज वाटली. पण ते खरं होतं. त्या सावलीत बसलेली बाई शांत दिसत होती. गेल्या दोन वर्षांत संस्थेच्या कार्यक्रमांचे किती फोटो निघाले, त्यांत ती कायम उभी असे, हातात माइक, मागे सडलेल्या यकृताचं पोस्टर, समोर बसलेली माणसं आणि त्यांच्यावर पडलेली तिची सावली. ती बोलायची, शेवटी शपथ वाचायची, माणसं हात पुढे करून तिच्यामागे म्हणायची, टाळ्या वाजवायची, आणि आठवड्याच्या बाजाराला त्यातलीच निम्मी माणसं रस्त्याच्या कडेला पडलेली असायची. चिंचलपाड्यात तिसऱ्यांदा शपथ झाली तेव्हा करमसिंग म्हणाला होता, "हात काय बाई, डास मारायला पण वर जातो." सगळे हसले होते. हिवतापवाल्यांनी हात वर करायला लावले, शौचालयवाल्यांनी लावले, पाड्याने कुणालाच नाही म्हटलं नव्हतं. तिला तेव्हा राग आला होता आणि त्या रागातच तिने विचारलं होतं, मग तुमच्यात माणूस बांधला जातो कशाने? झगडा तुटतो तेव्हा, करमसिंग म्हणाला, लगीन ठरतं तेव्हा, जमिनीचा दगड हलवतात तेव्हा, पंच बसतात, धार पडते. मागणारा आधी पितो, देणारा मागून. तू मागते आहेस. तू पिशील?

साडेदहाला ती ऑफिसात होती. रतिलाल सरांनी दार लोटून घेतलं आणि पंखा वाढवला. संस्था त्यांनी उभी केली होती, आवाज कधी चढवत नसत, आणि चढवत नसत म्हणून समोरच्याला जास्त घाम येई. "मॅडम," ते म्हणाले, "खरं काय ते मला सांगू नका. काय सांगायचं ते आपण ठरवू." तिने मान हलवली. "रात्रीपासून फोन येताहेत, मी सगळ्यांना पाणीच होतं म्हणतोय. चार वाजता एक छोटा व्हिडिओ घेऊ. एक मिनिटाचा. तुम्ही म्हणायचं, आदिवासी बांधवांच्या परंपरेचा मान राखून पाण्याने प्रतीकात्मक विधी केला. प्रतीकात्मक हा शब्द घ्याच. सहापर्यंत तो सगळ्या ग्रुपवर जाईल, उद्या पेपरात येईल, परवा लोक विसरतील."

"सर, ते पाणी नव्हतं."

"मी म्हटलं ना, सांगू नका."

"माझ्या आधी तिथे कुणी प्यायलं नव्हतं. मी पाणी प्यायले असं ठरलं, तर त्यांचंही..."

"मॅडम, आपल्याकडे अठ्ठावीस गावांचं काम आहे." त्यांनी टेबलावरचा पेन उचलून जागच्या जागी ठेवला. "एका पाड्यासाठी सगळं पाण्यात घालायचं का? आणि खरं सांगू का, त्यांनी दारू पिऊन दारूबंदी केली हे इथे कुणाला समजावणार तुम्ही? मला समजावून दाखवा."

तिने प्रयत्न केला. वाक्य मनात जुळवलं तेव्हा ते सरळ होतं, तोंडातून निघालं तेव्हा विनोदासारखं ऐकू आलं. सरांनी सहानुभूतीने मान हलवली. त्या सहानुभूतीनेच ती उठली. बाहेरच्या खोलीत येऊन बसली तर मुलींचं बोलणं थांबलं. एकीने विचारलं, "ताई, चहा?" आणि दुसरी उगाच हसली. रंजिताला वाटलं, यांनाही विचारायचं आहे, कशी लागते. तिलाच ते आजवर स्वतःला सांगता आलं नव्हतं. पोस्टरवरचं यकृत रोज बघून तिची अपेक्षा होती की जीभ जळेल, उलटी होईल. तसं झालं नाही. आधी धुराचा वास आला, मग काहीतरी फार पिकलेलं, जवळजवळ फुलासारखं, मग घशातून छातीत एक गरम रेघ उतरली आणि तिच्या खांद्यांतली, दोन वर्षं कुणी न सोडलेली गाठ अचानक सैल झाली. एवढंच. पण ती सैल झाली हे तिच्या अंगाला कळलं होतं, आणि द्रोण उलटा ठेवताना तळाशी राहिलेला थेंब मातीत गेला तेव्हा तिची नजर त्या थेंबामागे गेली होती. ते व्हिडिओत दिसत नव्हतं. तिने तो पुन्हा पुन्हा बघून खात्री केली होती.

फुलवंताबाईचा फोन बारानंतर आला. पाड्यात रेंज नाही. पाड्यावरच्या टेकडीवर चढून, मोबाइल डोक्याच्या वर धरून ती लागते. त्यामुळे फुलवंताबाई फोनवर नेहमी धापा टाकत आणि ओरडतच बोलायची. "बाई, तू पिली ना?" नमस्कार वगैरे काही नाही. डोंगरात कुणी कुणाला अहोजाहो करत नाही, तहसीलदारालाही नाही. सुरुवातीला रंजिताला ते टोचायचं, आता खाली उतरून कुणी अहो म्हटलं की टोचायचं. "काय झालं?"

"अजित आला धडगावहून. ग्रामपंचायतीत बसतो ना तो. तो म्हणाला, खाली सगळे म्हणतात बाईच्या द्रोणात पाणी होतं. तुझे साहेबच म्हणतात. करमसिंगबाबाने ऐकलं. दिलवरसिंगने ऐकलं." वारा मध्येच शब्द उडवत होता. "दिलवरसिंग म्हणतो, मागणारीने पाणी पिलं तर आम्ही काय पिलं? आम्हाला येडं केलं. त्याच्या आईने मोह भिजत घातला आज. अजून भट्टीवर नाही चढवला. बाबा म्हणाला, थांब, बाईच्या तोंडून ऐकू." मग आवाज एकदम खाली आणून, जणू टेकडीवरही कुणी ऐकत असेल, म्हणाली, "रूपसिंग विचारतो मला. सकाळपासून दोनदा विचारलं. पाणी होतं का, पाणी होतं का. हसत विचारतो. मला भीती वाटते बाई."

रूपसिंग तिचा नवरा. धाकट्या मुलीच्या भुवईवरची खूण त्याची. होळीनंतर, काठी गावची होळी बघून माणसं परत आली आणि धार पडली, तेव्हापासून तो प्यायला नव्हता. हात कापत, रात्री उठून बसे, पण प्यायला नव्हता. फुलवंताबाईने मागच्या खेपेला रंजिताला बाजूला घेऊन, कुणी चोरीची वस्तू दाखवावी तशी, झोपलेल्या त्याच्याकडे बोट केलं होतं. दुपार होती, तो दाराबाहेर खाटेवर झोपला होता, त्याच्या छातीवर ती मुलगी झोपली होती. "बघ," एवढंच ती म्हणाली होती.

"दिवस बुडेपर्यंत मी टेकडीवर येते," फुलवंताबाई आता ओरडली. "बाबाला आणते. तू सांग. जे असेल ते सांग." फोन कटला की रेंज गेली, कळलं नाही.

जेवायला ती घरी गेली. जायची गरज नव्हती, पण ऑफिसात बसवेना. एप्रिलचं ऊन डांबरावर वितळत होतं, स्टेशन रोडवर पपईचे ट्रक तोंडं झाकून उभे होते. नवऱ्याचा, हेमकांतचा, धुळ्याहून बँकेतून फोन आला, तो तिने चालता चालता घेतला. तो रागावला नव्हता. रागावायला हवा होता असं तिला वाटलं. "एका मिनिटाचं काम आहे, रंजू," तो म्हणाला, "म्हण आणि मोकळी हो. तू पाणी म्हणालीस म्हणजे ती माणसं काय लगेच प्यायला लागणार आहेत? प्यायची असेल तर ती तशीही पिणार." तिने विचारलं, "तुला काय वाटतं, मी प्यायले?" पलीकडे त्याने एक शिक्का मारला. "मला काही वाटत नाही," तो म्हणाला. "मला विचारूही नको."

हे वाक्य तिने आधी कुठेतरी ऐकलं होतं. ऊन डोक्यावर घेत चालताना तिला आठवलं, याच शब्दांत नाही, पण हेच. तापीकाठच्या माहेरच्या घरात, भाग्येशला दवाखान्यातून परत आणलं तेव्हा. मोठा भाऊ, गावात कृषी सेवा केंद्र चालवायचा, पोट फुगून घागरीसारखं झालेलं, डोळे हळदीचे. बघायला येणारा प्रत्येकजण उशाशी बसून म्हणायचा, कावीळ वाईट. कुणी शहाद्याजवळची मुळी आणली, कुणी उसाचा रस बाटलीत भरून आणला, काविळीला चांगला असतो. दुकानाच्या मागच्या खोलीत रिकाम्या बाटल्यांची पोती होती. ती वडिलांनी स्वतः बैलगाडीत भरून, वर कडबा टाकून नेली, आणि गाडी वेशीतून गेली तेव्हा पारावरची माणसं दुसरीकडे बघत होती. तो गेल्यावर बाराव्याला आईची मावसबहीण म्हणाली, रस आठ दिवस आधी दिला असता तर पोर वाचता. आईने मान हलवली होती. ती अजूनही हलवते. सारंगखेड्याच्या यात्रेत लहानपणी भाग्येशने रंजिताला खांद्यावर घेऊन घोडे दाखवले होते. पांढऱ्या घोड्याच्या नाकपुड्या तिला आजही दिसतात. संस्थेत मुलाखतीला सरांनी विचारलं, या क्षेत्रात का यावंसं वाटलं, तेव्हा ती म्हणाली होती, समाजकार्याची आवड आहे. दोन वर्षं पाड्यापाड्यातून ती दारू हा शब्द दिवसातून शंभर वेळा उच्चारत आली, आणि माहेरी गेली की कावीळ म्हणत आली.

सासरे हिलालनाना ओसरीत आरामखुर्चीत होते. समाजात त्यांचा शब्द चाले, लग्नं जुळवत, वाद मिटवत. गावाकडची शेती आता वाट्याने दिली होती. सासू धनुबाईंनी तिच्यापुढे ताट ठेवलं आणि पंख्याचं तोंड तिच्याकडे फिरवलं. नानांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "सूनबाई, पानी व्हतं अशी सांगी दे," ते म्हणाले. "पानी आनि मव्हानी, दोन्हीसना रंग एकच शे. कोन वळखी?" आपल्याच युक्तीवर ते जरा हसले. मग हसू गेलं. "आपला घरमा आजलोंग कोनी दारूनं नाव काढं नही. बायकासनी ते नहीच नही."

धनुबाई पोळी वाढत होत्या. त्यांचा हात ताटावर क्षणभर अडला, मग पोळी ताटात पडली. रोज दिवेलागणीला नाना आतल्या खोलीत जात, दार लोटून घेत, आणि धनुबाई बाहेर स्टुलावर बसत. कुणी भेटायला आलं तर सांगत, "नाना बसेल शेतस." 'बसलेत' म्हणजे काय ते ऐकणारा समजायचा आणि उद्या येतो म्हणायचा. शेंगदाणे भाजून देणं, पाण्याचा तांब्या आत ठेवणं, सकाळी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात सगळ्यात खाली घालणं, हे त्या देवपूजेच्या क्रमाने करत. मागच्या पावसाळ्यात नाना न्हाणीत पडले तेव्हा डॉक्टरांनी रंजितालाच बाजूला घेऊन विचारलं होतं, रोज किती घेतात? ती म्हणाली होती, घेत नाहीत. इतक्या सहज म्हणाली होती की डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. आता ताटाकडे बघत ती म्हणाली, "नाना, माझा भाऊ कशाने गेला, तुम्हाला माहीत आहे?" नानांनी वर्तमानपत्र वर घेतलं. कागदाच्या मागून आवाज आला, "काविळ व्हती त्याले."

"दारूने गेला."

धनुबाई म्हणाल्या, "जेव, बाई. भाजी थंडी व्हयी ऱ्हायनी."

चार वाजता रतिलाल सरांनी अहवालांच्या चळतीवर मोबाइल टेकवून उभा केला. मागे संस्थेचं नाव दिसेल असं तिचं टेबल सरकवलं. ओळखपत्र सरळ करायला सांगितलं. बोट दाखवून म्हणाले, "हं." ती मोबाइलच्या काळ्या काचेकडे बघत होती. काचेत तिचं तोंड लहान आणि गडद दिसत होतं. तिने नाव सांगितलं, पद सांगितलं, गावाचं नाव सांगितलं. आवाज माइकवरचा, सरावाचा होता. तो आवाज 'पाण्याने' हा शब्द सहज म्हणेल हे तिला कळत होतं, त्याला काहीच कष्ट नव्हते. मधल्या श्वासात तिला फुलवंताबाई टेकडी चढताना दिसली, मोबाइल पदराच्या गाठीत, मागे काठी टेकत येणारा करमसिंग. "त्या द्रोणात," ती म्हणाली, आणि थांबली. सरांनी मान डोलावली. "त्या द्रोणात मोहाची दारू होती. मी ती प्यायले. त्यानंतर पाड्यातल्या सगळ्यांनी शेवटची घेतली, आणि तेव्हापासून तिथे..."

सरांनी मोबाइल उचलून पालथा ठेवला. ते रागावले नाहीत. टेबलाच्या पलीकडे जाऊन बसले, चष्मा काढून रुमालाने पुसला. "काही दिवस घरी विश्रांती घ्या," ते म्हणाले. "निवेदन मीच करतो. तुमच्या नावाने नाही, संस्थेच्या नावाने. पाणी होतं, प्रतीकात्मक होतं. सहाला जाईल."

"सर, ते वरपर्यंत जातं. अजित त्यांना वाचून दाखवेल."

"मॅडम," ते थकल्यासारखे म्हणाले, "तुम्हाला अजून वाटतं का, ती माणसं एका घोटावर थांबली आहेत?"

तिला वाटत होतं की नाही हे तिलाही माहीत नव्हतं. भीती दोन्ही बाजूंची होती. थांबली नसतील तर तिने नोकरी एका विनोदासाठी घालवली होती. थांबली असतील तर ते त्याहून भयंकर होतं. एवढं कुणी आपल्या शब्दावर थांबू शकतं, ही गोष्ट तिच्या माहितीतल्या कुठल्याच घरात घडलेली नव्हती. घरी येऊन ती सरळ गच्चीवर गेली. वाळत घातलेले पापड तसेच होते, उन्हाने कडा वर वळलेल्या. फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. उत्तरेला, शहाद्याच्याही पलीकडे, धुळीत सातपुडा नुसता एक मळकट पट्टा होता. त्याच्याकडे बघत ती फोन लावत राहिली. सहा वाजून गेले. तिच्याच मोबाइलवर संस्थेचं निवेदन आलं, कॉलनीच्या ग्रुपवरही आलं, खाली कुणीतरी अंगठा दाखवला, कुणीतरी नुसतं पाण्याच्या थेंबाचं चित्र टाकलं. खालच्या खोलीतला दिवा लागल्याचं तिला अंगणात पडलेल्या उजेडावरून कळलं. मग फोन लागला.

"बोल," फुलवंताबाई म्हणाली. धापा नव्हत्या. बराच वेळ तिथे बसलेली असणार. "बाबा आहे. दिलवरसिंग आहे. रूपसिंग पण आला. बॅटरी कमी आहे, बोल."

करमसिंगचा घसा खाकरल्याचा आवाज आला. "बाई."

"बाबा, दारू होती. द्रोण भरून होती. मी सगळी प्यायले."

"खाली तर पाणी म्हणतात."

"ते म्हणतात. मी नाही म्हणत. ते तिथे नव्हते, मी होते."

पलीकडे त्यांच्या पावरी बोलीत बोलणं सुरू झालं. तिला त्यातलं थोडं कळत होतं, पण आता काहीच कळेना. दिलवरसिंगचा आवाज चढला, करमसिंगचा एकच शब्द आला, आणि दिलवरसिंग हसला. कुठल्या प्रकारचं हसणं, हे वाऱ्यात समजेना. मग फुलवंताबाई म्हणाली, "झालं बाई, झालं. त्याची आई तो मोह बैलाला घालेल." रंजिता गच्चीच्या कठड्यावर बसली. संपलं, असं तिला वाटलं. पण फोन पुन्हा करमसिंगकडे गेला होता.

"मग तुझ्या घरी कसं आहे?" त्याने विचारलं.

"माझ्या घरी?"

"तू घर सांगितलं होतं ना. धार पिताना."

आणि तिला तो क्षण आठवला, व्हिडिओ सुरू व्हायच्या आधीचा. द्रोण भरण्यापूर्वी करमसिंगने तिला नाव विचारलं होतं. ती म्हणाली होती, रंजिता. फुलवंताबाईने कोपर मारलं, घराचं सांग. तिला वाटलं होतं आडनाव विचारतात, हजेरीला विचारतात तसं. ती म्हणाली होती, पाटील. तेव्हा सगळ्यांनी समाधानाने माना हलवल्या होत्या आणि करमसिंगने मातीवर बोट टेकवलं होतं. त्यानंतर एकेकाने आपापलं घर सांगितलं होतं.

"धार एकट्या माणसाची नसते," करमसिंग सावकाश, तिला मराठीत समजेल असं बोलत होता. "घराची असते. जो पितो त्याच्या घरात मग दारू नाही. माझ्या नाही, ह्या दिलवरसिंगच्या नाही, रूपसिंगच्या नाही. तुझ्या घरी कोण पितं का?"

खालून शेंगदाणे भाजल्याचा वास येत होता. 'नाही' हा शब्द तिच्या तोंडात तयार होता. डॉक्टरांना सांगितला होता तो. इथून टेकडीवर कुणाला दिसणार नव्हतं, कुणी येऊन तपासणार नव्हतं, आणि पाडा तिच्यावर विश्वास ठेवून टेकडी उतरून जेवायला गेला असता. रूपसिंगही तिथे उभा होता, सकाळपासून हसत तोच प्रश्न विचारणारा.

"पितात," ती म्हणाली. "सासरे. रोज पितात."

करमसिंगला धक्का बसल्यासारखं काही वाटलं नाही. त्याने ते मागे वळून पावरीत सांगितलं. कुणीतरी हं म्हटलं. "आज बसला का तो?"

"आत्ताच बसलेत."

"मग जा," तो म्हणाला. "आम्ही थांबतो."

फोन हातात तसाच चालू ठेवून ती जिना उतरली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. बाहेर स्टुलावर धनुबाई, मांडीवर शेंगदाण्यांची ताटली. त्यांनी सवयीने तोंड उघडलं, "नाना बसेल..." आणि सुनेच्या हातातल्या फोनकडे बघितलं. त्यातून वाऱ्याचा आवाज येत होता. काय बोलायचं ते तिला दारापर्यंतच माहीत होतं, दाराच्या पुढचं नव्हतं. धनुबाई तिच्याकडे बघत राहिल्या, घरातल्या सुनेकडे बघावं तसं नाही, रस्त्यात अनोळखी माणसाने वाट विचारली की बघतात तसं. मग उठल्या. ताटली एका हातात धरून दुसऱ्या हाताने त्यांनी स्टूल ओढून भिंतीशी घेतलं.

नाना पलंगाच्या कडेला बसले होते, बनियनवर, पाठ दाराकडे. खोलीत त्यांच्या औषधी तेलाचा आणि दुसरा एक वास होता. त्यात धूर नव्हता, फूल नव्हतं. दार उघडल्याचं कळून त्यांनी ग्लासवर पालथा हात ठेवला, पोरांपासून पानाचा डबा झाकावा तसा. मग वळले. सून उंबऱ्यात उभी बघून त्यांचा चेहरा आधी गोंधळला, नंतर कठीण झाला. "आठे कसाले उनी?" ते म्हणाले. "कोन शे फोनवर?"

"चिंचलपाडा," रंजिता म्हणाली. ती आत गेली, फोनचा स्पीकर मोठा केला आणि तो त्यांच्या समोर, ग्लासाशेजारी ठेवला. "तुमच्यासाठी थांबलेत."